पिवळ्या पिशवीतली काच

आपाच्या हाताला काच लागली नव्हती, सुई लागली होती. इंजेक्शनची, वापरलेली. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि तिला काच म्हणून सांगितलं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीत वर नाही, आणि जिच्या तळहातात ती रुतली तिला तर ती असेपर्यंत नाहीच.

मी कमी बोलणारा माणूस आहे. घरचे म्हणतात, याला काही विचारायचं तर आधी चहा पाजा आणि मग तासभर थांबा. सगळ्यांना तो माझा स्वभाव वाटतो. होताही. पण आपा गेल्यापासून मी त्या स्वभावाच्या आड जाऊन बसलो आहे, आणि तिथून मला कोणी उठवत नाही. गप्प माणसाला लोक सज्जन समजतात.

आमचा प्रकल्प गावाबाहेर, नांदुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. दोन्हीकडे कपाशी. मी तिथला साइट सुपरवायझर. फाटकावर कंपनीची मोठी हिरवी पाटी आहे: पुनर्वापर, अक्षय ऊर्जा, विशेष सेवा. येणारे-जाणारे ती वाचतात आणि नाकाला रुमाल लावून पुढे निघतात. पुनर्वापर म्हणजे आमचा पट्टा. गावचा सुका कचरा त्या सरकत्या रबरी पट्ट्यावर येतो आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बाया त्यातून बाटल्या, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या, चपला वेगळ्या काढतात. अक्षय ऊर्जा म्हणजे मागची गॅसची टाकी. ओला कचरा तिच्यात कुजतो, त्या गॅसवर इंजिन चालतं, इंजिनावर पट्टा चालतो आणि फाटकापासून रस्त्यापर्यंतचे दिवे लागतात. विशेष सेवा म्हणजे दवाखान्यांचा कचरा. तालुक्यातल्या लहानमोठ्या दवाखान्यांतून आमची बंद गाडी पिवळ्या पिशव्या उचलते, त्या एक दिवस आमच्या कुलपाच्या खोलीत राहतात आणि मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या भट्टीत जाळायला जातात.

पिवळा रंग त्या कचऱ्यासाठीच ठरलेला आहे. पिवळं दिसलं की हात मागे घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. रक्ताचा कापूस, पट्ट्या, काय काय असतं त्यात. सुया खरं तर वेगळ्या टणक डब्यात टाकायच्या असतात, पण लहान दवाखान्यांत कोण एवढं बघतं? म्हणून तर तो रंग. मला याचं रीतसर ट्रेनिंग मिळालं होतं, प्रमाणपत्रही आहे.

आणि तो रंग मीच बिनधोक करून टाकला.

झालं असं, की दुधाच्या रिकाम्या पिशव्या भरायला ज्या पांढऱ्या गोण्या लागत, त्या हेड ऑफिसकडून वेळेवर कधी येत नसत. कोऱ्या पिवळ्या पिशव्यांचे मात्र गठ्ठे पडलेले असायचे. जाड, सहजी न फाटणाऱ्या. एक दिवस बायांनी विचारलं, "भाऊ, ह्या घेऊ का? कोऱ्याच तर हायेत." मी म्हटलं, "घ्या." एवढा एक शब्द. त्यानंतर पुन्हा कोणी विचारलं नाही. महिन्याभरात पट्ट्याच्या टोकाला पिवळ्या पिशव्यांचा ढीग लागायला लागला, सगळा दुधाच्या पिशव्यांचा. पावसाळ्यात बाया त्याच पिशव्या एका बाजूने कापून डोक्यावर खोळ घेऊन यायच्या. कोणी त्यांत बाजारातून कांदे नेले, कोणी घरी सरपण झाकलं. शेताच्या धुऱ्यावरून पिवळ्या खोळांची रांग कामाला येताना मी चहा पीत बघायचो, आणि मला ते छान वाटायचं. आलेल्या माणसाला सांगायचो, आमच्या साइटवर काही म्हणता काही वाया जात नाही.

आपा त्या बायांतली सगळ्यांत जुनी. चाळिशीही गाठली नव्हती, पण पट्ट्यावर सगळ्या तिला आपा म्हणायच्या म्हणून मीही म्हणायचो. मी त्यांचा भाऊ. तिचा नवरा पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरायचा आणि लोकांच्या गाद्या-उशांतला बसलेला कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. धामणगाव बढे, तिथून पुढे खानदेशात. आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर. आपाने त्याच्या धनुकलीलाही पिवळ्या पिशवीची गवसणी शिवून दिली होती, पावसाने तिची तात, म्हणजे आतड्याची दोरी, भिजू नये म्हणून.

बाया तिला त्यावरून चिडवायच्या. "आपा, तुमचा माणूस साऱ्या दुनियेच्या गाद्या मऊ करते, अन् तुमच्या घरी?"

"आमच्या घरी चटई हाय वं. तो आला का मी त्यालेच पिंजून काढते."

हशा पिकायचा. इंजिनाच्या आवाजावरही तो मला केबिनमध्ये ऐकू यायचा.

बायांची एक कामाची पद्धत होती. दुधाच्या पिशव्या भरल्या की त्यांत हवा राहते, गोणी फुगते, गाडीत जागा खाते. म्हणून गाठ मारण्याआधी बाई कोपरापर्यंत हात आत घालायची आणि सगळ्या अंगाचा भार देऊन आतला माल खाली दाबायची. याला त्या 'पिशवी बसवणं' म्हणत. हातमोजे मी दिलेले होते, पण मोज्याने गाठ सुटत नाही, घाम येतो, म्हणून ते कमरेला खोचलेले असत. आपाला फुगलेली पिशवी दिसली की राहवत नसे. दुसरीने बांधलेली असली तरी सोडून बसवायची. "कशी फुगून बसली पाहा, नव्या नवरीच्या सासूवानी," असं म्हणत.

त्या दिवशी हेड ऑफिसचे लोक गॅसची टाकी आणि इंजिन बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर शेजारच्या गावाचंही काम आमच्या साइटला मिळणार होतं, आणि मला वरची जागा. आठवडाभर मी झाडझूड करून घेत होतो. कुलपाच्या खोलीला आतून रंग देऊन घेतला. तो सकाळी ओलाच होता. दवाखान्यांची गाडी आली तेव्हा ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, आतमधी तर रंग ओला हाय. हे कुठं ठेवू?"

मी शर्ट खोचत होतो. म्हटलं, "ठेव तिथं भिंतीले. दुपारी घेऊ आत."

ती भिंत दुधाच्या पिशव्यांच्या ढिगापासून चार पावलांवर होती. आता मी ते अंतर रोज चालतो. चारच पावलं आहेत.

अकराच्या सुमाराला आपाचा आवाज आला. ओरडली नाही ती. "भाऊ, जरा येता का? काहीतरी रुतलं मले."

मी गेलो. भिंतीजवळची एक फुगलेली पिवळी पिशवी तिच्यासमोर सोडलेली. तिने डावा हात धरलेला, अंगठ्याच्या खालच्या मांसल भागातून रक्ताचा थेंब फुगत होता. मी पिशवीत डोकावलो. वर कापूस, कापसाखाली सिरिंज, सिरिंजला सुई, आणि सिरिंजच्या नळीत आत काळपट पडलेलं रक्त. हे सगळं दिसायला किती वेळ लागतो? डोळा लवायच्या आत. तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

मी पिशवीचं तोंड मुठीत आवळलं आणि म्हणालो, "काच हाय आपा. फुटका ग्लास टाकला कोणीतरी."

"मले वाटलं सुई-गिई हाय का काय."

"नाही. मी पाह्यलं ना. काच हाय."

"तुम्ही पाह्यलं तं झालं," ती म्हणाली.

दुसरी बाई पट्ट्यावरून ओरडली, "काऊन वं आपा, एवढ्याशा काचेनं रडून राह्यली का?"

"रडते माही जुती," आपा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी तिला नळाखाली हात धुवायला लावला. साबणाने, बराच वेळ. ते मला माहीत होतं. पुढचंही माहीत होतं. त्या ओल्या रंगाच्या खोलीच्या दारावर तक्ता लावलेला होता, मीच चिकटवलेला: सुई टोचल्यास ताबडतोब धुवा, ताबडतोब कळवा, चोवीस तासांत काविळीची लस, बहात्तर तासांच्या आत औषध. दवाखान्याच्या गाडीवरच्या माणसांना लस आधीच दिलेली होती. पट्ट्यावरच्या बायांना नव्हती, कारण नियमाने त्यांचा पिवळ्या पिशवीशी संबंधच येत नव्हता. कळवायचं म्हटलं तर आधी हे कळवावं लागलं असतं, की पिवळ्या पिशव्या पट्ट्यावर आल्या कशा.

मी तिच्या हाताला टिंक्चर लावून पांढरी पट्टी बांधली, ती पिशवी दवाखान्यांच्या बाकीच्या पाच पिशव्यांत नेऊन ठेवली आणि पाहुण्यांना सामोरा गेलो.

पाहुणे खूश झाले. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. कोणीतरी म्हणालं, कामगारांसोबत एक फोटो काढू. बाया लाजत पुढे आल्या. तो फोटो मोठा करून हेड ऑफिसने चौकटीत बसवून पाठवला, आणि तो माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर आहे. पहिल्या रांगेत आपा आहे. तिच्या डाव्या हाताला पांढरी पट्टी दिसते. त्या दिवशी काही घडलं होतं याची तेवढीच एक खूण राहिली आहे, कारण रजिस्टरमध्ये मी काही लिहिलं नाही, आणि पिशवी दुसऱ्या दिवशी भट्टीत जळून गेली.

आता जे सांगतो ते सांगायला सगळ्यांत जड आहे.

बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. मला तीन दिवस मिळाले होते. आपा दुसऱ्या दिवशी कामाला आली, पट्टी काढून टाकलेली. मी म्हटलं, दुपारच्या सुट्टीत सांगू. दुपारी ती भाकरी खाताना एका बाईच्या नव्या सुनेची नक्कल करत होती, मी केबिनच्या दारातून परत फिरलो. तिसऱ्या दिवशी मी मोटरसायकलच्या डिकीत तिच्यासाठी दवाखान्याची चिठ्ठी लिहून ठेवली होती, नुसतं 'चल' म्हणायचं होतं. हेड ऑफिसचा फोन आला, काम मिळण्यासारखं आहे म्हणून. चिठ्ठी डिकीतच राहिली. चौथ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये बसून घड्याळाकडे बघत होतो. अकरा वाजले. काटा पुढे सरकला. आणि मला हलकं वाटलं. आता सांगून उपयोग नाही, म्हणजे सांगायची गरज नाही, असं माझ्या मनाने मला सांगितलं आणि मी ते मानलं. मी उठून चहा मागवला. तो चहा गोड लागला होता हेही मला आठवतं.

पुढे डॉक्टरांकडून कळलं की औषध उशिरा दिलं तरी, नाही दिलं तरी, निदान वेळेवर रक्त तपासत राहिलं असतं तर पुष्कळ गोष्टी हातात राहिल्या असत्या. अकरा वाजून गेल्यावरही उपयोग होता. तो रोज होता.

त्याच आठवड्यात मी पिवळ्या पिशव्या बंद केल्या. "काऊन भाऊ?" बायांनी विचारलं. मी म्हटलं, वरून ऑर्डर आली. खोळा मात्र त्यांनी घरी ठेवून घेतल्या.

तीनेक महिने गेले. मला वरची जागा मिळाली होती, काम वाढलं होतं. आपा मधूनच पट्टा सोडून भिंतीला टेकून बसायला लागली. भाकरी परत न्यायची. एक दिवस उन्हात माझ्याशी बोलायला थांबली आणि मी तिचे डोळे बघितले. हळदीचं बोट फिरवल्यासारखे पांढरे भाग पिवळे झाले होते. त्याही वेळी तोंडातून निघालं ते एवढंच, "आपा, कावीळ दिसते. सुट्टी घे."

बाया म्हणाल्या, दवाखान्यात कावीळ उतरत नसते, माळ घालावी लागते. आमच्याकडे मुळ्यांच्या काड्यांची माळ देतात. ती डोक्यावरून घालायची, ती लांबत लांबत खाली येते तशी कावीळ उतरते म्हणतात. दोघी जणी तिला घेऊन एका खेड्यात गेल्या. ती माळ घालून पट्ट्यावर आली, हसून दाखवली. "भाऊ, पाहा, या वयात माळ पडली गळ्यात." मी सुशिक्षित माणूस. विज्ञानाचा पदवीधर. माळेवर माझा विश्वास नाही. तरी मी तिला म्हणालो, "बरं वाटंल." कारण माळ घालणारी बाई रक्त तपासून घेत नाही.

माळ छातीपर्यंत आली त्या सुमाराला ती बरळायला लागली. नवरा खानदेशातून धावत आला. कंपनीची जीप मी स्वतः काढली आणि आम्ही तिला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तो मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. रस्ताभर म्हणत होता, "साहेब, तुमचे लई उपकार हायेत." मी आरशात बघत नव्हतो.

सलाईन लावल्यावर ती थोडी शुद्धीवर आली. तरुण डॉक्टरीण होती, दमलेली, पण चौकशी नीट करणारी. कावीळ 'ब' आहे म्हणाली, ही पाण्यातून होत नाही, रक्तातून होते, नवरा-बायकोच्या संबंधातूनही. मग एकेक विचारायला लागली. "रक्त चढवलं होतं का? ऑपरेशन? गोंदून घेतलं? कुठे सुई टोचली होती का? काम कशाचं करता?"

"कचऱ्याच्या पट्ट्यावर," नवरा म्हणाला.

"मग सुई टोचली असेल. आठवा बरं."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. आपाने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तिला कळलं. तिला कळू दे, असंही क्षणभर वाटलं. ती म्हणाली, "सुई नाही लागली म्याडम. काच लागली होती एकडाव. भाऊनं सोता पाह्यली. हाय ना भाऊ?"

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "काचच होती ना?"

मी मान हलवली. होकारार्थी. त्या मान हलवण्याला आवाजही नव्हता.

मग डॉक्टरीण नवऱ्याकडे वळली. "तुम्ही काय करता? बाहेरगावी असता का? किती दिवस?" त्याने खरं खरं सांगितलं. तिने त्यालाही रक्त द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्याच्याही रक्तात तीच कावीळ निघाली.

मला तिथल्या तिथे कळलं काय झालं होतं ते. सुई टोचल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंतच्या त्या महिन्यांत ती आजारी नव्हती, आणि ती त्याची बायको होती. कावीळ तिच्याकडून त्याच्याकडे गेली होती. पण हे कळायला ती सुई माहीत असावी लागते. ज्यांना काचच माहीत होती त्यांना उलटं दिसलं: पंधरा-पंधरा दिवस बाहेर राहणारा फिरता माणूस, त्याने कुठून तरी आणली आणि बायकोला दिली. डॉक्टरीण तसं तोंडाने बोलली नाही. "तुमची आपोआप जाईल, घाबरू नका, बहुतेकांची जाते," एवढंच म्हणाली. पण आपाचा सख्खा भाऊही तिथे आला होता. त्याने व्हरांड्यात नवऱ्याची कॉलर धरली. "कुठं तोंड काळं करून आला बे? सांग!"

तो रडत म्हणत होता, "कसम से, मी तसा माणूस नाही. साहेब, तुम्हीच सांगा ना याले. साहेब, सांगा ना तिले."

मी दोघांना सोडवलं. सांगितलं काहीच नाही.

आपाने ते ऐकलं होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तो पाणी घेऊन गेला की ओठ मिटून घ्यायची. नर्सच्या हातून प्यायची. त्यानंतर आठवडाभर ती होती. त्यातले शेवटचे दोन दिवस तिला काहीच समजत नव्हतं. त्याआधीचे पाच दिवस समजत होतं, आणि ते पाच दिवस तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. ती तशीच गेली.

मय्यतीला मी गेलो. कबरस्तानात सगळे तीन-तीन मुठी माती देत होते. माझ्यापुढे जागा झाली, लोकांनी मानाने मला पुढे केलं, साहेबांनी जीप दिली होती, स्वतः नेलं होतं. मी तीन मुठी माती टाकली. नवरा कोपऱ्यात उभा होता, त्याच्या शेजारी कोणी नव्हतं.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर तो साइटवर आला. दाढी वाढलेली. तिच्या कपाटातली चप्पल आणि डबा न्यायला आला होता. ते घेतल्यावरही जाईना. केबिनच्या दारात उभा राहिला.

"साहेब, तुम्ही शिकेल माणूस. एक सांगा. माझ्यातूनच गेली असन का तिच्यात?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"मी कुठं गेलो नाही साहेब. पण गावोगावचे न्हावी, गावोगावची दाढी, कोणाच्या गादीत काय असते, सुया लागतेत शिवताना. कुठून तरी आली असन माझ्या अंगात. म्या तिले मारलं, असंच झालं ना हे?"

दाराशेजारच्या भिंतीवर माझ्याच हाताने लावलेलं कॅलेंडर होतं, माझ्यामागे तो फोटो. मला फक्त वळून बोट दाखवायचं होतं: ही पट्टी बघ. मी म्हणालो, "वरच्याची मर्जी, भाई."

तो मान हलवून गेला. मला काच म्हणताना जेवढा वेळ लागला होता तेवढाच हे म्हणताना लागला.

त्यानंतर त्याने पिंजण्याचं काम सोडलं. त्याची कावीळ गेली होती, रिपोर्ट साफ आला होता, तरी म्हणायचा, दुसऱ्याच्या गादीला हात कसा लावू, काय जाईल माझ्या हातातून कोणास ठाऊक. लोकांनीही बोलावणं बंद केलं. काही महिन्यांनी तो पुन्हा माझ्याकडे आला, काम मागायला. म्हणाला, "कचऱ्याले काय होते साहेब माझ्या हातानं? पट्ट्यावर ठेवून घ्या."

मी ठेवून घेतलं. मला ते तेव्हा भरपाईसारखं वाटलं, हेही कबूल करतो. आता कळतं की मी त्याला रोज डोळ्यांसमोर उभं करून ठेवलं आहे आणि सांगितलेलं काहीच नाही. तो तिच्याच जागेवर उभा असतो, डाव्या बाजूला, चौथा. हातमोजे कधी काढत नाही. बायांशी बोलत नाही, बाया त्याच्याशी बोलत नाहीत. एकीने एकदा त्याच्या पाण्याच्या बाटलीला हात लागला म्हणून जाऊन साबणाने हात धुतला, त्याच्यादेखत. त्याने बाटली उचलून बाजूला ठेवली, जसं काही चूक त्याचीच. दुपारी तो इंजिनाच्या खोलीमागे एकटा जेवतो. त्याची धनुकली त्याने विकली नाही. घरी आढ्याला टांगलेली आहे, आपाने शिवलेल्या पिवळ्या गवसणीत. मी एकदा पगारपत्रकावर सही घ्यायला गेलो तेव्हा पाहिली.

सकाळी तो फाटकातून येताना मला सलाम करतो. मी हात वर करतो. असं दोन वर्षं चाललं आहे. कधी कधी वाटतं, याला सांगून आता काय मिळणार, आपा तर परत येत नाही. हे तेच आहे, अकरा वाजल्यानंतरचं हलकं वाटणं. मी ते आता ओळखतो. सांगितलं तर नोकरी जाईल, कदाचित केस होईल, मुलगी लग्नाची आहे. हे सगळं खरं आहे, आणि ह्यातलं एकही कारण त्याच्या समोर उच्चारता येण्यासारखं नाही.

हे लिहिताना मला कुठल्याही सुटकेची आशा नाही. कागदाला सांगणं सोपं आहे, कागद वळून विचारत नाही. लिहून झाल्यावरही उद्या सकाळी फाटकावर तो सलाम करील आणि मी हात वर करीन, अशी मला जवळजवळ खात्री आहे. माझा मला भरवसा नाही. म्हणून इथे निदान स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे काय बाकी आहे याबद्दल मला पुढे संदिग्ध राहता येणार नाही.

मी त्या माणसाचं एवढं देणं लागतो, की त्याच्या समोर उभं राहून सांगायचं: तुझ्या बायकोला सुई टोचली होती, माझ्या साइटवर, माझ्या चुकीने; मी ती पाहिली आणि काच म्हणालो; कावीळ तिच्याकडून तुझ्याकडे आली, तू तिला दिली नाहीस. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.